शेतीच्या पाण्याचा बल्क दर ठरतो कसा, आणि दराचा मसुदा हातात आला की तो वाचायचा कसा

दरवाढीचा मसुदा आला की बहुतेकजण आधी शेवटचं पान उघडतात, नवा दर बघतात, जुन्याशी ताडून बघतात आणि हरकत लिहायला बसतात की बाबांनो हा दर परवडत नाही, कमी करा. मीही पहिल्या वेळी हेच केलं होतं, दोन पानी पत्र, अगदी पोटतिडकीने लिहिलेलं, आणि अंतिम आदेशात त्याच्या वाट्याला एक ओळ आली की काही ग्राहकांनी दर परवडण्याबद्दल काळजी व्यक्त केली. बस. पुढच्या वेळी मसुदा पहिल्या पानापासून वाचला तेव्हा कळलं की शेवटच्या पानावर दर ठरतच नाही, तिथे फक्त भागाकार होतो. ठरायचं ते आधीच चार-पाच ठिकाणी ठरून गेलेलं असतं, म्हणजे जुन्या धरणाची किंमत किती धरली, खर्चात कुणाचा वाटा किती टाकला, पाणी किती विकलं जाईल असं गृहीत धरलं आणि बिलाचा स्थिर भाग किती ठेवला. हरकत घ्यायची तर तिथे घ्यायची आणि आकड्यानिशी घ्यायची. ती ठिकाणं कशी सापडतात ते खाली लिहितोय, कॅल्क्युलेटर जवळ असू द्या.

आधी बल्क म्हणजे काय ते एका वाक्यात. धरणातून, नदीतून किंवा मुख्य कालव्यातून ठोक मापाने जे पाणी दिलं जातं ते बल्क. ते घेणारा एखादा मोठा शेतकरी असेल, शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था असेल, शहराची पाणी योजना असेल नाहीतर कारखाना. तिथून पुढे चारीने किंवा पाइपने शेतापर्यंत नेण्याचा खर्च हा वेगळा विषय आणि बऱ्याच ठिकाणी त्याचं बिलही वेगळं असतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात तर बिलाचे सरळ चार भाग आहेत, ए आणि बी धरणाच्या पाण्याचे, सी आणि डी वितरणाचे, त्यात ए आणि सी स्थिर, बी आणि डी वापरावर. ही रचना डोक्यात ठेवली तरी अर्धा गोंधळ कमी होतो.

रेग्युलेटर, म्हणजे दर तपासणारी सरकारी यंत्रणा, मध्ये येतो कारण धरण एकच असतं. दुसऱ्या दुकानात जाऊ म्हणायची सोय ग्राहकाला नसते, त्यामुळे धरण चालवणारी संस्था मनाला येईल तो खर्च दाखवून दर लावू शकते, आणि उलट बाजूने सरकार मतांसाठी दर इतका खाली ठेवू शकतं की दहा वर्षांत गेट गंजतात, कालवे फुटतात आणि शेवटच्या शेताला पाणीच पोचत नाही. मला दुसरा धोका पहिल्याइतकाच मोठा वाटतो, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला स्वस्त पाण्याचा काय उपयोग, त्याला पाणी मिळतच नाही.

सगळ्यात आधी कायद्यातलं ते एक वाक्य शोधा

प्रत्येक रेग्युलेटरच्या मागे एक कायदा किंवा सरकारचं पत्र असतं आणि त्यात एक वाक्य असतं की दरातून नेमकं काय वसूल करायचं. ते वाक्य सापडलं की पुढचा सगळा मसुदा त्याच्याशी ताडून बघता येतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात असं आहे की पाण्याच्या दरातून सिंचन व्यवस्थापन, प्रशासन, प्रकल्प चालवणं आणि देखभाल-दुरुस्ती यांचा पूर्ण खर्च निघावा, लाभधारकांचं मत घेऊन निकष ठरवावेत आणि दर तीन वर्षांनी आढावा घ्यावा. यात धरण बांधायला लागलेला भांडवली खर्च नाही. म्हणजे तिथल्या मसुद्यात कुणी बांधकामाच्या खर्चावर परतावा (घातलेल्या पैशावर व्याजासारखी रक्कम) धरला तर पहिली हरकत तिथेच. त्याच कायद्यात दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर अशीही तरतूद आहे (कायदा आला तेव्हाच ज्यांना जास्त मुलं होती त्यांना सूट), तिचा पाण्याच्या खर्चाशी काही संबंध नाही, पण यावरून लक्षात येतं की दरात खर्चाबाहेरची धोरणंही शिरतात आणि ती वेगळी काढून बघावी लागतात.

युरोपात २००० च्या पाणी चौकट निर्देशात यापेक्षा पुढे जाऊन पर्यावरणाचा आणि संसाधनाचा खर्चही लक्षात घ्या असं म्हटलंय. ऑस्ट्रेलियात २००४ च्या राष्ट्रीय जल करारात राज्यांनी वापरणाऱ्याने खर्च द्यावा हे तत्त्व मान्य केलं, तरी त्यातही खालची मर्यादा आणि वरची मर्यादा असे दोन टप्पे आहेत. खालची म्हणजे योजना चालू ठेवायला लागेल एवढंच, वरची म्हणजे त्यात भांडवलावरचा परतावाही. तुमच्याकडे यातलं कुठलं लागू आहे ते माहीत नसताना दर जास्त की कमी हे बोलताच येत नाही.

आणि एक बघा, रेग्युलेटर दर ठरवतो की नुसती शिफारस करतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात इपार्ट नावाचं ट्रिब्युनल ग्रामीण खोऱ्यांसाठी दर स्वतः ठरवतं, शेजारच्या क्वीन्सलंडमध्ये तिथलं कॉम्पिटिशन ऑथॉरिटी शिफारस करतं आणि शेवटचा शब्द सरकारचा असतो. शिफारसच असेल तर तुमचं काम दोन दारांत आहे, आकड्यांचं म्हणणं रेग्युलेटरकडे आणि परवडण्याचं म्हणणं सरकारकडे. ही दोन्ही पत्रं एकच करू नका.

वर्षाला किती पैसे लागतात, तो आकडा

आता मसुद्यातलं मधलं टेबल उघडा, त्याला रेव्हेन्यू रिक्वायरमेंट किंवा आवश्यक महसूल असं काहीतरी नाव असतं. बऱ्याच ठिकाणी हा आकडा विटा रचल्यासारखा बनतो. पहिली वीट चालवण्याचा खर्च, म्हणजे पगार, वीज, गेटची देखभाल, मोजणी, विमा, ऑफिस. दुसरी घसारा, म्हणजे मालमत्ता झिजते त्याचा वर्षाचा हिस्सा. तिसरी, अजून वसूल न झालेल्या भांडवलावर परतावा. वर थोडा टॅक्स, थोडं खेळतं भांडवल.

उदाहरण घेऊ, आकडे मुद्दाम सोपे ठेवलेत, चलन कुठलंही धरा. चालवण्याचा खर्च ६० लाख. मालमत्तेची धरलेली किंमत ५ कोटी, उरलेलं आयुष्य ५० वर्षं, म्हणजे घसारा १० लाख. परताव्याचा दर ४ टक्के, म्हणजे २० लाख. एकूण ९० लाख.

यात चालवण्याच्या खर्चावर भांडायला सगळ्यांना आवडतं कारण तो समजतो, जीप किती, माणसं किती. तिथे बघावंच, रेग्युलेटरसुद्धा इंजिनिअर सल्लागार लावून तपासतो की खर्च गरजेचा होता का आणि कमीत कमी पैशात झाला का, शिवाय दरवर्षी थोडी काटकसर करा म्हणून आकडा खाली आणतो. पण माझा अनुभव असा की मोठे आकडे परताव्यात दडलेले असतात. आपल्या उदाहरणात परतावा ४ ऐवजी ५ टक्के केला की ५ लाख वाढले, एकूण खर्चाच्या साडेपाच टक्के, आणि एकही माणूस, एकही गेट वाढलेलं नाही.

परतावा तपासताना एक प्रश्न नक्की विचारा, हा दर महागाई धरून आहे की वगळून. मालमत्तेची किंमत दरवर्षी महागाईने वाढवत असतील तर परतावा महागाई वगळून हवा, आणि परतावा महागाई धरून असेल तर किंमत वाढवायची नाही. दोन्ही एकदम केलं तर तीच महागाई तुमच्याकडून दोनदा वसूल होते. अशीच दुसरी दुहेरी मोजणी नूतनीकरणात होते. काही ठिकाणी जुने भाग बदलायला लागणारा पुढच्या वीस-तीस वर्षांचा खर्च सारखा वाटून वर्षासन लावतात, क्वीन्सलंडमध्ये सिंचन योजनांसाठी ही पद्धत बरीच वर्षं होती. चांगली पद्धत आहे, पण वर्षासनही आणि त्याच भागांवर घसाराही असं दोन्ही दिसलं तर थांबा आणि विचारा.

जुनं धरण, सगळ्या भांडणाचं मूळ

या भागावर मी जास्त थांबणार कारण बिलावर याचा परिणाम सगळ्यात मोठा आणि हरकतींत याचा उल्लेख सगळ्यात कमी.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी सरकारने धरण बांधलं, बहुतेक वेळा करदात्यांच्या पैशातून, पूर थांबवायला, वीज करायला, लोकं वसवायला, आणि शेतीलाही. आता ते धरण आज बांधायचं तर अफाट पैसे लागतील. मग दरात त्याची किंमत काय धरायची? आजची बदली किंमत धरली तर परतावा आणि घसारा मिळून शेतकऱ्याचं पीकच उरणार नाही. जुनी पुस्तकी किंमत धरली तर कमी येते. आणि शून्यही धरता येते, कारण हा पैसा सरकारने परत घ्यायच्या हिशोबाने घातलाच नव्हता, आणि त्या काळी पाणी घेणाऱ्यांना असं काही सांगितलंही नव्हतं.

न्यू साउथ वेल्समध्ये यावर सरळ रेघ मारली, १ जुलै १९९७ ही तारीख, त्याच्या आधीच्या मालमत्तेची किंमत दरासाठी शून्य, त्यानंतर जो योग्य भांडवली खर्च झाला तोच खात्यात जमा होत जातो. क्वीन्सलंडच्या सिंचन दरातही जुन्या मालमत्तेवर परतावा घ्यायचा नाही असंच धोरण राहिलंय. स्पेनमध्ये वेगळी वाट आहे, तिथे सरकारी धरणांच्या पाण्यावर जो नियमन कर लागतो त्यात चालवण्याचा आणि प्रशासनाचा खर्च आणि शिवाय गुंतवणुकीच्या किमतीचे ४ टक्के असतात, घसारा वजा करून. अमेरिकेत १९०२ च्या रिक्लेमेशन कायद्याने पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारने धरणं-कालवे बांधले, शेतकऱ्यांनी बांधकामाचे पैसे परत करायचे पण व्याज नाही. सुरुवातीला मुदत १० वर्षं होती, ती वाढत वाढत ४० वर्षांवर गेली. व्याज न लावता चाळीस वर्षांत फेड म्हणजे प्रत्यक्षात मोठी सवलतच, फक्त तिला सवलत हे नाव नाही. याच कारणाने दोन देशांचे दर शेजारी ठेवून बघा तिकडे किती महाग म्हणणं चुकीचं आहे, दोन्ही दरांत काय काय धरलंय ते आधी बघायला पाहिजे.

तर मसुद्यात काय शोधायचं: सुरुवातीची मालमत्ता किंमत किती आणि ती कुठल्या तारखेची. तिथून पुढे दरवर्षी नवा खर्च अधिक, घसारा वजा, विकलेलं वजा, असं टेबल असतं, ते स्वतः बेरीज करून जुळतंय का बघा. सरकारी अनुदानातून झालेलं काम, किंवा शेतकऱ्यांनी स्वतः पैसे घालून केलेलं काम यात घुसलंय का ते तर नक्की बघा. कालव्याचं अस्तरीकरण अनुदानातून झालं असेल आणि त्यावर परतावा लावला असेल तर तो आकडा बाहेर काढायला लावणं ही बहुतेक वेळा जिंकता येणारी हरकत असते, कागद समोर ठेवले की त्यावर फार वाद राहत नाही.

खर्चात तुमचा वाटा किती

धरण काय एकट्या शेतीसाठी नसतं. पूर अडवला जातो, खालच्या नदीत पर्यावरणासाठी पाणी सुटतं, तलावावर पर्यटन चालतं, शहराला पाणी जातं. धरणसुरक्षेचे नियम कडक झाले म्हणून सांडवा वाढवायचा खर्च येतो, तो कुणाचा? शेतकऱ्याने पाणी घेतलं म्हणून तो आला का खाली वस्ती वाढली म्हणून आला? इथे दोन विचार आहेत, ज्याला फायदा होतो त्याने द्यावं, किंवा ज्याच्यामुळे खर्च करावा लागला त्याने द्यावं. इपार्ट दुसऱ्या विचाराने चालतं. दोन्ही विचारांनी कधीकधी उत्तर उलटं येतं, म्हणून मसुद्यात एकाच खर्चाला एक आणि दुसऱ्याला दुसरं तत्त्व लावलेलं दिसलं तर कारण मागा.

प्रत्येक कामासाठी वापरणारे इतके टक्के, सरकार इतके टक्के असं टेबल असतं. आपल्या उदाहरणात ९० लाखांतला २० टक्के वाटा सरकारचा धरू, राहिले ७२ लाख.

आता हे ७२ लाख वापरणाऱ्यांत कसे वाटायचे. शहराला पाणी दुष्काळातही मिळतं, शेतीचं आधी कापलं जातं. म्हणजे दर युनिटमागे धरणातली जास्त जागा खात्रीच्या पाण्याने अडवलेली असते. म्हणून खात्रीच्या हक्काला जास्त वजन द्यायचं. क्वीन्सलंडमध्ये यासाठी एक गुणांक काढतात, न्यू साउथ वेल्समध्ये हाय सिक्युरिटी (जास्त खात्रीचे) आणि जनरल सिक्युरिटी (कमी खात्रीचे) असे दोन प्रकारचे हक्क आणि त्यांचे दर वेगळे. समजा शहराचा हक्क १५ दलघमी (दशलक्ष घनमीटर), शेतीचा ९० दलघमी, आणि शहराच्या एका दलघमीला शेतीच्या दोन दलघमीएवढं वजन. मग शहराचे झाले ३०, शेतीचे ९०, एकूण १२०. शेतीच्या वाट्याला ७२ लाखांतले ५४ लाख. वजनच दिलं नसतं तर शेतीला ६१ लाखांच्या पुढे गेलं असतं. साडेसात लाखांहून जास्त फरक एका गुणांकाने! आणि हा गुणांक बहुतेक वेळा मागच्या एखाद्या परिशिष्टात असतो.

भागाकार, म्हणजे पाणी किती विकलं जाईल

खर्च ठरला, आता खाली कितीने भागायचं. हक्क ९० दलघमी असला तरी दरवर्षी ९० मिळत नाही. मागच्या वर्षांची सरासरी घेतात, न्यू साउथ वेल्समध्ये बरीच वर्षं वीस वर्षांची फिरती सरासरी वापरली गेली. आपण ६० दलघमी धरू.

इथे सावध राहायचं कारण पाणी पुरवणाऱ्या संस्थेला हा आकडा कमी दाखवण्यात फायदा असतो. वापरावरून वसूल करायचे ३२.४ लाख असतील तर ६० ने भागून हजार घनमीटरला ५४ येतात, ५४ दलघमीने भागलं तर ६०. खर्च तोच आणि दर ११ टक्के वर. मग प्रत्यक्षात पाऊस चांगला झाला आणि ६० विकलं गेलं तर वरचे पैसे संस्थेचे. दुष्काळी वर्षं निवडून पाच वर्षांची सरासरी घेतलेली दिसली तर मोठ्या काळाची मागा. पण प्रामाणिकपणे हेही बघा की हवामान बदलतंय, जुनी ओली वर्षं घेऊन फुगवलेली सरासरी मागितली तर पुढच्या आढाव्यात तूट भरून काढायला दर एकदम उडी मारतो, आणि ती उडी आपल्यालाच झेपत नाही.

स्थिर किती, वापरावर किती

धरणाचा खर्च जवळजवळ सगळा स्थिर आहे. पाणी सोडा न सोडा, चौकीदार, गेट, विमा सुटत नाही. म्हणून धरण चालवणारी संस्था म्हणते बिलही स्थिर ठेवा. शेतकरी म्हणतो पाणी न देता पैसे कसले. न्यू साउथ वेल्समध्ये बऱ्याच खोऱ्यांत ४० टक्के स्थिर, ६० टक्के वापरावर अशी वाटणी राहिलीय.

५४ लाखांचं दोन्ही प्रकारे करून बघू. ४०:६० ला स्थिर २१.६ लाख, भागिले ९० दलघमी हक्क, म्हणजे हक्काच्या हजार घनमीटरला २४, आणि वापराला वर निघाले तसे ५४. ८०:२० केलं तर स्थिर ४८ आणि वापराला १८. एका शेतकऱ्याचा हक्क ६० हजार घनमीटर, सरासरी वर्षात त्याला ४० हजार मिळतं. पहिल्या पद्धतीत १४४० अधिक २१६०, बिल ३६००. दुसऱ्यात २८८० अधिक ७२०, तेच ३६००. सरासरी वर्षात काहीच फरक नाही, आणि मसुद्यात बहुतेक वेळा हेच सरासरी वर्ष दाखवलेलं असतं! आता दुष्काळ घ्या, पाणी मिळालं फक्त १० हजार. पहिल्या पद्धतीत बिल १९८०, दुसऱ्यात ३०६०. पीक गेलंय, पाणी हक्काच्या सहावा हिस्साच मिळालंय आणि बिल मात्र सरासरी वर्षाच्या १०० चं ८५. त्याच वर्षी संस्थेच्या बाजूने बघितलं तर पहिल्या पद्धतीत तिला शेतीकडून ५४ ऐवजी २९.७ लाखच मिळतात, दुसऱ्यात ४५.९ लाख. म्हणजे प्रश्न खरा हा आहे की दुष्काळाची जोखीम कुणी घ्यायची.

दोघांचंही म्हणणं खरं आहे. मला स्वतःला वाटतं जोखीम त्याने घ्यावी ज्याला ती सोसायची जास्त ताकद आहे, आणि एका हंगामावर जगणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा सरकारी मालकीच्या संस्थेला कर्ज स्वस्त मिळतं. पण फुकट नाही हे, वापरावर जास्त भार ठेवला तर संस्था उत्पन्नाच्या चढउतारासाठी वेगळा भत्ता मागते आणि इपार्टने तसा भत्ता धरलेलाही आहे. तेव्हा कमी स्थिर दर मागताना त्या भत्त्याचा आकडाही विचारा, दोन्ही मिळून काय पडतं ते बघून मग मागणी ठरवा. आणि आपल्या गटातही एकमत नसतं हे लक्षात ठेवा, फळबागवाल्याला पाणी दरवर्षी लागतंच म्हणून त्याला स्थिर भार चालतो, हंगामी पीकवाल्याला नाही चालत. आधी आपल्यात बसून ठरवा, नाहीतर दोन उलट्या हरकती जातात आणि दोन्ही वाया.

महाराष्ट्रात हा वाद वेगळ्या रूपात आहे, तिथे शेतीचा दर हंगामाप्रमाणे बदलतो, खरीप, रब्बी आणि उन्हाळी, त्यात उन्हाळ्याचं पाणी सगळ्यात महाग कारण तेव्हा बाष्पीभवन जास्त आणि साठा कमी. पाणी वापर संस्थांना मोजून घनमीटरने दर लागतो आणि संस्था आपल्या सभासदांना पुढे कसं आकारायचं ते ठरवते. जिथे मोजणी नाही तिथे पीक आणि क्षेत्र बघून आकारणी होते.

मोजणी कुठे होते हे विसरू नका

दर घनमीटरचा असेल तर पुढचा प्रश्न, कुठल्या ठिकाणचा घनमीटर. कालव्याच्या मुखाशी मोजलं आणि वाटेत २५ टक्के गळालं तर ५४ चा दर शेताच्या तोंडाशी ७२ पडतो. गळती ज्याच्या ताब्यातल्या कालव्यात होते तिची किंमत त्याने सोसावी हे साधं आहे, म्हणून मोजणीचं ठिकाण आणि देखभालीची हद्द एकच असावी अशी मागणी करा. मोजमाप बंद असेल तर किती दिवस अंदाजाने बिल लावता येईल याची मर्यादा मागा. हिशोब पडताळायला एक आकडा पाठ ठेवा, १ क्युसेक २४ तास चाललं की साधारण २४४७ घनमीटर होतात, आणि एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० घनमीटर.

दर एकदम वाढवायचा की हळूहळू

हिशोबाने आलेला दर आणि सध्याचा दर यात मोठं अंतर असेल तर रेग्युलेटर टप्पे पाडतो. क्वीन्सलंडमध्ये २०२० च्या आसपासच्या आढाव्यात, जिथे दर खर्चापेक्षा कमी होता तिथे महागाईशिवाय वर्षाला एक हजार घनमीटरमागे २.३८ डॉलर इतकीच वाढ, खालच्या मर्यादेला पोचेपर्यंत, असं सूत्र होतं. नंतर २०२१ पासून सरकारने सिंचनाच्या दरावर १५ टक्के सूटही दिली. ही चांगली पद्धत आहे असं मला वाटतं कारण खरा खर्च कागदावर उघडा राहतो आणि सवलत किती, ती कोण देतंय हे वेगळं दिसतं. सवलत खर्चातच लपवली तर पुढच्या वेळी कुणालाच कळत नाही की योजना चालायला किती लागतात, आणि देखभाल मागे पडत जाते.

हरकत लिहिताना

मुदत आधी बघा, आठवडे थोडेच असतात. मग मसुद्याबरोबरची हिशोबाची फाइल मागून घ्या, नुसत्या छापील पानावर बेरजा तपासता येत नाहीत. गोपनीय म्हणून काही आकडे झाकलेले असतील तर निदान एकूण बेरीज तरी मागा, लेखी मागा.

पत्रात तीन मुद्दे पुरतात, त्यापेक्षा जास्त घातले की मुख्य मुद्दा बुडतो. प्रत्येक मुद्द्याला पान क्रमांक, टेबल क्रमांक, मसुद्यातला आकडा, तुमचा आकडा आणि त्याने दरात किती फरक पडतो. उदाहरणार्थ, अमुक पानावर अस्तरीकरणाचे ५० लाख मालमत्तेत धरलेत, ते अनुदानातून झालेत, मंजुरीचं पत्र जोडलंय, ते काढल्यास परतावा २ लाख आणि घसारा १ लाख कमी होतो. असं लिहिलं की रेग्युलेटरला उत्तर द्यावंच लागतं, मान्य करो न करो.

परवडण्याबद्दल लिहायचं असेल तर तेही आकड्यात लिहा, एका हेक्टरला किती पाणी, त्याचं बिल किती, पिकाच्या खर्चात ते किती टक्के, आणि चांगलं, मध्यम, दुष्काळी अशी तिन्ही वर्षं दाखवा. तुमच्या पाणी वापर संस्थेची पाणी मिळाल्याची नोंदवही असेल तर सोन्याहून पिवळं, तारखेसकट किती पाणी मागितलं, किती आलं, किती दिवस उशिरा आलं. सेवा खराब असताना दर वाढवायचा नाही असं नुसतं म्हणून चालत नाही, पण पुढच्या तीन-पाच वर्षांत पाणी वेळेवर देण्याचं, गळती कमी करण्याचं मोजता येईल असं बंधन दराला जोडा असं मागता येतं आणि ही मागणी मान्य होण्यासारखी असते.

सुनावणीला जमलं तर जाच. पाच मिनिटं मिळतात, त्यात पत्र वाचून दाखवू नका, सगळ्यात मोठ्या आकड्याचा एकच मुद्दा मांडा आणि समोरच्याला प्रश्न विचारू द्या. अंतिम आदेश आला की आपल्या मुद्द्याला काय उत्तर दिलं ते शोधून काढा आणि मसुदा, आपलं पत्र, आदेश अशी तिन्ही एका फाइलमध्ये लावून ठेवा, पुढच्या आढाव्याला आपल्या पाणी वापर संस्थेत दुसरे पदाधिकारी असतील आणि त्यांना तीच लागणार आहे.